दिवस बुडाल्यावरची गोळी

"हेमाऽ, दिवस बुडायला आलाय. गोळ्या घ्यायला ये बघू लवकर!"

अक्कांची ही हाक रोज संध्याकाळी अंगणातून यायची आणि मी हातातलं काम टाकून धावत सुटायची. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, रत्नाबाई मगदूम. अख्खा गाव त्यांना अक्काच म्हणायचा. पायरीवर उभ्या राहून, उसाच्या फडामागं उतरणाऱ्या सूर्याकडं त्या अशा बघायच्या, की तोसुद्धा यांना विचारूनच खाली जात असावा. एका हातात कोमट दुधाचा पेला आणि दुसऱ्या तळहातावर माझ्या गोळ्या. एक तांबडी लोहाची, एक पांढरी भलीमोठी कॅल्शियमची आणि एक बारकी पिवळी.

"सगळ्या एकदम घ्यायच्या?" पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं.

"मग काय एकेकीला वेगळं आवतण धाडू? घे, दिवस जातोय."

मी घेतल्या. वर दूध प्यायले. अक्कांनी पेला उलटा करून बघितला, थेंबही राहिला नव्हता, आणि समाधानानं मान हलवली. त्यानंतर आमच्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणाच्याही तोंडात पाण्याचा थेंब जाणार नव्हता.

मी कोल्हापूरची, मराठ्याच्या घरातली. आमच्याकडं रविवारी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा झाल्याशिवाय आठवडा संपायचा नाही आणि रात्री साडेनऊच्या आत कुणी पाटावर बसायचं नाही. सांगलीला बी. एड. करताना श्रेणिक भेटला आणि मी वारणेकाठच्या या जैन घरात सून होऊन आले. गाव म्हणालं, अक्कांनी कशी काय परवानगी दिली? ते मलाही कळलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच संध्याकाळी अक्कांनी मला जवळ बसवून सांगितलं होतं, "हे बघ, आम्ही दिवस बुडाल्यावर खात न्हाई, चूल पेटवत न्हाई. तुला जमंल तसं कर. जबरदस्तीचा धर्म आमच्या घरात न्हाई."

पण मी कसली ऐकते! माझाही एक स्वभाव. 'बाहेरची पोर, हिला काय जमणार' असं कुणी म्हणायच्या आत मी करून दाखवणार होते. संध्याकाळी साडेपाचला जेवण आणि दुसऱ्या दिवशी बस्तीतला अभिषेक झाल्यावर, म्हणजे नऊ-साडेनऊला, पहिला घास. बस्ती म्हणजे जैन मंदिर, आमच्याकडं असंच म्हणतात. मधले पंधरा-सोळा तास कोरडे. आता आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत तरण्या बाया हेच करतात, त्याला इंग्रजी नाव आहे म्हणे, मोबाइलवर गजर लावतात, आणि डबा उघडायच्या वेळेला एकमेकींना विचारत बसतात की व्हिटॅमिनची गोळी उपाशीपोटी चालते की जेवताना. मी मनातल्या मनात हसते. बायांनो, याच प्रश्नावरनं आमच्या घरात एकदा काय रामायण झालं होतं, ते तुम्हाला कुठं माहीत!

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मला दिवस गेले. सांगलीच्या इनामदार डॉक्टरबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, रक्त फार कमी आहे. गोळ्या लिहून दिल्या, कुठली कधी घ्यायची ते तोंडी सांगितलं. पण तेव्हा मला उभ्याउभ्या घेरी येत होती, बरोबर आलेला श्रेणिक बाप होणार या आनंदात हवेत होता, आणि घरी आल्यावर आम्हा दोघांनाही एवढंच आठवलं की गोळ्या रोज घ्यायच्या. लोहाची गोळी सकाळी घेऊन बघितली, तर उपाशीपोटी ती घशाखाली उतरायच्या आधी वर यायची. मग अक्कांनी कारभार हातात घेतला. संध्याकाळी भरल्या पोटी, दुधाबरोबर, सगळ्या एकत्र, त्यांच्या नजरेसमोर. एक दिवस चुकला नाही. घरात जेवढ्या नेमानं जप व्हायचा, तेवढ्याच नेमानं माझ्या गोळ्या व्हायच्या.

आणि तरी माझी तब्येत उतरतच चालली. चार पायऱ्या चढल्या की धाप लागायची. ओठ पांढरे पडले. रात्री झोपताना भूक लागायची, पण बोलणार कोण? मी कूस बदलून पडायची.

भाद्रपद आला. दशलक्षण पर्व सुरू झालं. हे दहा दिवस आमच्याकडं फार मोठे. अक्कांनी दशलक्षणाचं व्रत धरलं होतं. लागोपाठ दहा वर्षं, दरवर्षी हे दहा दिवस एकाशन करायचं. एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच, एकाच जागी बसून जे काय पोटात जाईल ते. ताटावरनं उठलं की दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीसुद्धा नाही. आणि यंदा त्यांचं दहावं वर्ष होतं. चतुर्दशी पार पडली की उद्यापन. बस्तीसमोर मांडव पडायचा होता, पाहुण्यांना आवतणं गेली होती, बस्तीला द्यायच्या पितळी कळशा माजघरात चकाकत होत्या. गावात एवढं व्रत पुरं केलेली बाई त्या काळात दुसरी नव्हती.

माझी नणंद त्रिशला उद्यापनासाठी माहेरी आली होती. कळशा पुसता पुसता तिनं मला सगळं समजावून सांगितलं.

"अक्काचं नुसतं एकाशनाचं न्हाई गं वहिनी. मुनिमहाराजांकडनं नियम घेताना तिनं रात्रीच्या अन्नाचाबी पूर्ण त्याग घेतलाय, व्रत पुरं होईपर्यंत. स्वतः खायाचं न्हाई, दुसऱ्याला खाऊ घालायचं न्हाई आणि कुणी खाल्लं तर त्याला बरं म्हणायचं न्हाई."

"आणि चुकून मोडलं तर?"

"मोडलं तर परत पहिल्यापासनं. पण अक्काचं कुठलं मोडायला! आण्णा गेले त्या वर्षीबी तिनं मोडलं न्हाई."

आण्णा म्हणजे माझे सासरे. ते दशलक्षणातच गेले होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पर्व संपायला दोन दिवस उरलेले असताना माझी डॉक्टरकडची तारीख आली. अक्का सकाळी बस्तीतूनच थेट माझ्याबरोबर एसटीत चढल्या. मी म्हटलं, "अक्का, तुमचं एकाशन व्हायचंय. मी त्रिशलावन्संना घेऊन जाते."

"दुपारच्या एसटीनं माघारी येतोय. आल्यावर करीन. तू चल."

डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला दिलं, वजन घेतलं, पोटावर हात ठेवला. रक्ताचा अहवाल यायला दुपार झाली. तो बघितला आणि त्यांचा पारा चढला.

"हेमलता, गोळ्या घेत नाहीस ना तू? खरं सांग."

"घेते डॉक्टर."

"खोटं बोलू नकोस! एवढे दिवस लोहाच्या गोळ्या घेतल्यावर रक्त वाढायला पाहिजे. तुझं आणखी उतरलंय. बाळाची वाढसुद्धा मागं पडलीय. कुठं टाकतेस गोळ्या? खिडकीतनं? अगं शिकलेली बाई तू, तुझ्या जिवाशी खेळ, पण पोटातल्या पोराचा काय गुन्हा आहे?"

मी खाली मान घालून बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावरून अक्का उठल्या.

"डॉक्टरीणबाई, तिला बोलू नका. गोळी रोज मी माझ्या हातानं देतोय. तिनं एक चुकवलेली न्हाई."

"तुम्ही देता? कशी देता?"

"दिवस बुडायच्या आत. जेवल्यावर, दुधासंगं. तिन्ही मिळून."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज उतरला. "आजी, लोह आणि कॅल्शियम एकत्र दिलं की लोह अंगी लागत नाही. दुधानं तर नाहीच. तुम्ही इतक्या मायेनं दिलंत, पण त्यातलं तिच्या रक्तात फारसं काही गेलंच नाही."

अक्कांनी पदर नीट केला आणि विचारलं, "मग कशी द्यायची?"

"लोहाची एकटी. दुधापासून, चहापासून, कॅल्शियमपासून दोन तास लांब. लिंबूपाण्याबरोबर दिलीत तर उत्तम."

"सकाळी दिली तर ती ओकती."

"मग रात्री द्या. आठच्या सुमाराला थोडं जेवू दे आणि झोपायच्या आधी गोळी." त्या माझ्याकडं वळल्या. "रात्री किती वाजता जेवतेस?"

मी अक्कांकडं बघितलं. अक्काच म्हणाल्या, "साडेपाचला."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर सकाळी नऊ-साडेनऊला."

डॉक्टरबाई खुर्चीत मागं रेलल्या. "आजी, मी तुमच्या धर्मात लुडबुड करत नाही. तुमच्या वयाच्या धडधाकट माणसाला हे मानवत असेल, चांगलंच आहे. पण हिच्या अंगात रक्त नाही आणि पोटात बाळ आहे. हिला एवढा वेळ उपाशी ठेवून कुठलीच गोळी काम करणार नाही. रात्रीचं काहीतरी गरम पोटात गेलंच पाहिजे. पंधरा दिवसांनी परत बघते. नाही सुधारली तर दवाखान्यात ठेवून रक्त चढवावं लागेल, आणि तेवढं करूनही बाळाचं मी काही सांगू शकत नाही."

परतीची एसटी रेल्वेच्या फाटकात अडकली ती अडकलीच. मालगाडी कुठंतरी लटकली होती. खिडकीतून ऊन कलताना दिसत होतं आणि माझा जीव वरखाली होत होता, कारण अक्कांच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. दिवस असताना घरी पोचलो नाही तर आजचं त्यांचं एकाशनही गेलं; व्रत मोडणार नव्हतं, पण कडक उपासच घडणार होता. त्यांना मात्र त्याची फिकीर दिसत नव्हती. त्या माझ्याकडं वळल्या.

"डॉक्टरीण एवढं बोलली, तू गप का बसलीस? माझं नाव का न्हाई सांगितलंस?"

"काय सांगणार अक्का? तुम्ही चांगल्यासाठीच देत होता."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. मग माझा हात हातात घेतला, आणि गाव येईपर्यंत सोडला नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवस बुडाला होता. त्रिशला दारातच उभी. तिनं दुपारपासून अक्कांचं ताट झाकून ठेवलं होतं. "गेलं की गं अक्का तुझं एकाशन," म्हणून ती हळहळली. ओसरीवर सोनाक्का जपमाळ घेऊन बसल्या होत्या. सोनाक्का म्हणजे अक्कांच्या थोरल्या चुलत जाऊबाई. गावातल्या सगळ्या सुना त्यांना वचकून असायच्या, आणि माझ्या लग्नानंतर त्यांनी माझ्या हातचं पाणी घ्यायला बरेच दिवस लावले होते. श्रेणिकही शाळेतून आला होता. सगळ्यांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या? अक्कांनी सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही. "माझ्याच हातनं चूक झाली," हेसुद्धा सोनाक्कांच्या देखत सांगितलं.

मग पाय धुतले, लुगडं बदललं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात गेल्या.

"अक्का, काय करालीस?" त्रिशलानं विचारलं.

"भाकरी."

"दिवस बुडालाय!"

"मला डोळं हाईत."

ती भाकरी माझ्यासाठी होती, हे क्षणभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. आणि आलं तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले.

"अक्का, थांब. मी हॉटेलातनं काहीतरी बांधून आणतो," श्रेणिक म्हणाला.

"तू बाजूला हो, मी करते," त्रिशला म्हणाली. "माझा कुठं नियम हाय?"

सोनाक्का जपमाळ ठेवून उठल्याच. "रत्ना, खुळी झालीस काय? तीन दिवसांवर उद्यापन आलंय. दहा वर्षं काढलीस आणि आता कडेला येऊन बुडतीस? शेजारच्या मोहित्यांच्यात रात्री चूल पेटती, तिथनं आणा पोरीला भाकरी. तू आपली देवघरात जाऊन जप करत बस. माघारी कोण काय खाल्लं, तुला काय म्हाइती? न्हाईतर तिला आजच्या आज माहेरी धाडा. तिकडं खाऊ दे रात्री काय खायाचं ते!"

मलाही ते पटलं. खरंच पटलं. मी म्हटलं, "अक्का, मी जाते कोल्हापूरला. बाळंतपण होईपर्यंत तिथंच राहते. तुमचं व्रत मोडू नका. माझ्यासाठी नको."

"झालं सगळ्यांचं सांगून?" अक्कांनी विचारलं. आवाज चढवला नाही की कुणावर रागावल्या नाहीत. "श्रेणिक, तो परसातला मोठा दिवा लाव. आणि स्वयंपाकघरातला घालव."

तो का, ते मला आधी कळलं नाही. अंधारात स्वयंपाक करणार की काय? मग त्यांनी देवळीतली बारकी चिमणी पेटवली आणि चुलीपासून लांब ठेवली, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रात्री चूल पेटवायची नाही ती किडा-मुंगी जाळात पडू नये म्हणून. परसातल्या मोठ्या उजेडावर सगळी पाखरं तिकडं गेली. अक्कांनी चुलीतली राख मऊ कुंच्यानं हळूच बाजूला सारली, लाकूड न् लाकूड आपटून, निरखून बघितलं, पाणी दुहेरी फडक्यातनं गाळलं. व्रत मोडतानासुद्धा एवढी काळजी घेणारी बाई मी पुन्हा बघितली नाही. सकाळपासून त्या बाईच्या पोटात ना घास ना घोट, आणि हात असे चालत होते, की जणू सकाळचीच वेळ आहे.

चूल पेटली. ओसरीवरून सोनाक्कांचा "अरेरे" ऐकू आला.

भाकरी झाली, मुगाची घट्ट आमटी झाली, वर तूप सोडलं. अक्कांनी माजघरात, ऐन दारासमोर पाट मांडला. तिथून ओसरी दिसते, ओसरीवरून रस्ता दिसतो. रस्त्यानं बायका बस्तीतल्या रात्रीच्या आरतीला चालल्या होत्या.

"अक्का, दार लोटून घेऊ?" त्रिशलानं हळू आवाजात विचारलं.

"कशाला? उघडं राहू दे."

मला हुंदका आवरेना. पहिला घास तसाच हातात धरून बसले. अक्का समोर मांडी घालून बसल्या होत्या.

"रडायचं आसंल तर जेवून रड. गार झालं की आमटीत काय राम न्हाई."

मी जेवले. खोटं कशाला सांगू, किती दिवसांनी रात्रीचं गरम अन्न पोटात गेलं आणि मला ते अमृतासारखं लागलं. रस्त्यावरच्या बायका थबकून बघत होत्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. अक्कांनी त्यांच्याकडं बघून, रोज करतात तसा, हात जोडून "जय जिनेंद्र" केला आणि मला आणखी अर्धी भाकरी वाढली. दोन तासांनी लिंबूपाण्याबरोबर एकटी तांबडी गोळी दिली. ती पोटात टिकली की नाही हे बघायला माझ्या उशाशी बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस्ती गच्च भरली होती. बातमी तर रात्रीच घराघरात पोचली होती. मी अक्कांच्या मागं उभी होते, आणि माझ्या पाठीवर सगळ्या गावाचे डोळे टोचत होते. अभिषेक झाला. उपाध्ये, म्हणजे आमचे पुजारी, अभिषेकाचं तीर्थ, गंधोदक, द्यायला पुढं आले. भला माणूस. अक्कांच्या लग्नापासून तेच बस्तीत होते. अक्कांनी हात पुढं केला नाही.

"उपाध्ये, काल दिवस बुडाल्यावर मी चूल पेटवली. सुनंला जेवायला घातलं. माझं व्रत मोडलंय. तेवढं सगळ्यांच्या देखत सांगायचं होतं."

कुजबुज उठली. सोनाक्का पुढं झाल्या. "मोडलं न्हाई, मोडून घेतलंय! आम्ही मोप रस्ते सांगितले की. शेजारनं आणा म्हटलं, माहेरी धाडा म्हटलं. हिनं आपल्याच हातनं करायचा हट्ट धरला. वर दार उघडं टाकून गावाला दाखवून जेवू घातलं. ह्याला काय म्हणायचं?"

अक्का वळल्या. त्यांचा आवाज तसाच होता, रोजचा.

"सोनाक्का, शेजारनं आणली असती तर माझं व्रत राहिलं असतं, खरं हाय. पण ह्या पोरीनं ती भाकरी चोरट्यासारखी खाल्ली असती. दार लावून, अंधारात, मान खाली घालून. पोटात पोर घेऊन बाळंतपणापर्यंत रोज चोरून खायाचं? आणि माहेरी धाडली असती तर तुम्हीच म्हणाला असता, बघा, बाहेरची पोर, टिकली न्हाई. ती माझ्या घरची लक्ष्मी हाय. माझ्या घरची बाई माझ्या घरात दार उघडं टाकून, मान वर करून जेवंल. मी हातानं वाढल्यावर तिला कोण काय बोलतंय, ते मला बघायचं होतं."

मला रात्रीचं ते उघडं दार तेव्हा कळलं. मी खांबाला धरून उभी राहिले. माझ्या सख्ख्या आईनंसुद्धा माझ्यासाठी यापेक्षा जास्त काय केलं असतं?

उपाध्यांनी घसा साफ केला. "अक्का, जीवदयेसाठी झालंय हे. शास्त्रात वाट आहे. प्रायश्चित्त घ्या. एक उपास करा, तो तर काल घडलाच आहे तुम्हाला. णमोकार मंत्राच्या माळा करा. दहावं वर्ष धरलं जाईल. परवा उद्यापन होऊन जाऊ दे."

बायकांमधून सुटकेचा सुस्कारा ऐकू आला. त्रिशलाचा चेहरा उजळला. मीही मनात म्हटलं, सुटलो. दहा वर्षांची तपश्चर्या वाचली.

अक्कांनी हात जोडले. "न्हाई उपाध्ये. प्रायश्चित्त नको."

"का?"

"प्रायश्चित्त पस्तावल्यावर घ्यायचं असतंय. मी पस्तावलेली न्हाई. आणि आज दिवस बुडाला की मी परत चूल पेटवणार हाय. उद्याबी, परवाबी. मग देवापुढं खोटं कशाला बोलू?"

उपाध्यांच्या हातातली गंधोदकाची वाटी तशीच राहिली होती. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि अक्कांना हात जोडले. बस्तीच्या उपाध्यांनी एका संसारी बाईला भर सभेत हात जोडलेले मी तरी पुन्हा कधी पाहिले नाहीत.

उद्यापनाचा मांडव पडला नाही. पाहुण्यांना नको म्हणून निरोप गेले. आमच्या घरात मात्र थंडी सुरू होऊन सरत आली तरी रोज दिवस बुडाल्यावर चूल पेटत राहिली, आणि दार उघडं राहिलं. इनामदार डॉक्टरबाईंनी पुढच्या वेळी रक्ताचा अहवाल दोनदा वाचला आणि अक्कांना खुर्ची दिली. माघात मला मुलगी झाली, चांगली खणखणीत रडणारी.

पुढच्या भाद्रपदात पंचमीला अक्का नव्यानं व्रताचा संकल्प करायला बस्तीत गेल्या. मुलगी माझ्या कडेवरून उतरून फरशीवर रांगत होती. दाराशी सोनाक्का बसल्या होत्या. अक्कांना पाहून त्यांनी सरकून जागा केली आणि सवयीनं विचारलं, "कितवं वर्ष गं रत्ना यंदा?"

"पहिलं," अक्का म्हणाल्या. आणि लग्न करून नुकतीच आलेली नवरी नवऱ्याचं नाव घेताना लाजते ना, तशा हसल्या.